गेमवर आधारित मालिका बघताय? या चुका टाळा

'द लास्ट ऑफ अस'चा पहिला भाग सुरू होऊन वीसेक मिनिटं झाली असतील. माझा मामेभाऊ उठला, "गेममध्ये असं नव्हतं" म्हणाला आणि आतल्या खोलीत जाऊन झोपला. गेम त्याने चारदा संपवलेला. सोफ्यावर उरलो मी आणि बाबा. बाबांची उभी हयात एसटीच्या डेपोत मेकॅनिक म्हणून गेली, कंट्रोलर त्यांनी कधी हातात धरलेला नाही. ते मात्र जागचे हलले नाहीत. भाग संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "पुढचा आहे ना?"

ज्याला ही गोष्ट जिवापाड आवडते त्याला ती पडद्यावर परकी वाटली, आणि ज्याला गेम म्हणजे काय तेही माहीत नाही तो तिच्यात बुडून गेला. हे असं का झालं, याचा मी तेव्हापासून विचार करतोय. तेव्हापासून अशा मालिका बघितल्या, मित्रांना बघायला लावल्या आणि अर्ध्यावर सोडणाऱ्यांशी वादही घातले. बहुतेकांची गाडी त्याच त्याच ठिकाणी अडते. ती ठिकाणं आणि त्यावरचे उपाय इथे लिहितोय. मोठी रहस्यं फोडणार नाही. जिथे थोडं सांगावंच लागेल तिथे आधी सूचना देईन.

मूळ कुठलं ते न बघताच बसणं

सगळ्यात जास्त फसगत 'द विचर'ने केली. नेटफ्लिक्सवर २० डिसेंबर २०१९ ला ही मालिका आली तेव्हा माझ्या ओळखीतले बरेच जण 'विचर ३' समोर ठेवून बघायला बसले आणि 'तो नकाशा कुठे, ती मोहीम कुठे' म्हणत वैतागले. पण ही मालिका गेमवरून केलेलीच नाही. ती आंद्रेई सापकोव्स्की या पोलिश लेखकाच्या पुस्तकांवरून केली आहे. गेराल्ट या राक्षस मारणाऱ्या 'विचर'ची त्यांची पहिली कथा १९८६ मध्ये छापून आली. सीडी प्रॉजेक्ट रेडचा पहिला गेम २००७ चा, आणि त्या गेमची कथा पुस्तकं जिथे संपतात त्याच्यापुढे घडते. म्हणजे मालिका गोष्टीच्या आरंभी उभी आहे आणि गेम तिच्या शेवटापलीकडे. दोन्हींत गेराल्ट आहे म्हणून दोन्ही एकच समजलं की पदरी निराशा ठरलेली.

याच मालिकेच्या पहिल्या सीझनमध्ये आणखी एक अडचण येते. 'पहिल्या भागात मेलेली राणी चौथ्या भागात मेजवानी कशी देते?' हा प्रश्न मला किमान पाच जणांनी विचारला असेल. तिथे तीन काळ एकत्र गुंफले आहेत: येनेफर या जादूगारणीचा सर्वांत जुना, गेराल्टचा मधला आणि सिरी या राजकन्येचा अगदी अलीकडचा. पडद्यावर साल येत नाही. उपाय सोपा आहे. त्या राणीचं सिंट्राचं राज्य शाबूत दिसलं, की तो प्रसंग मागचा समजा. सिरी रानोमाळ पळताना दिसली, की आत्ताचा. सीझन संपता संपता तिन्ही धागे एका ठिकाणी येतात. तेवढं लक्षात ठेवून बसलात तर कागद-पेन घ्यावं लागत नाही.

'सायबरपंक: एजरनर्स'चं मूळही दोन पायऱ्या मागे जातं. माइक पॉन्डस्मिथ यांनी १९८८ मध्ये टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ काढला, त्यावरून २०२० चा गेम आला आणि त्या गेमच्या जगात घडणारी दहा भागांची ॲनिमे (जपानी धाटणीची ॲनिमेशन मालिका) २०२२ मध्ये आली. ही गोष्ट गेमच्या एक वर्ष आधी घडते, तिचा नायक वेगळा आहे आणि गेम न खेळता ती पूर्ण कळते.

उत्तरपत्रिका तपासल्यासारखं बघणं

माझा मामेभाऊ इथेच अडकला, म्हणून यावर जरा थांबतो.

बुरशीच्या साथीने उद्ध्वस्त झालेल्या जगात जोएल आणि एली ही मुलगी यांचा प्रवास सांगणारा 'द लास्ट ऑफ अस' हा गेम नॉटी डॉग या कंपनीने जून २०१३ मध्ये आणला. एचबीओची मालिका जानेवारी २०२३ मध्ये आली. गेमचे लेखक नील ड्रकमन स्वतः मालिकेच्या निर्मात्यांत होते, सोबत क्रेग मेझिन. तेव्हा मालिकेत जे बदललं ते मूळ माणसाच्या डोळ्यांदेखत बदललं, हे आधी ध्यानात घ्यायला हवं.

आता मामेभावाची तक्रार. गेममध्ये सुरुवात रात्री होते. जोएल उशिरा घरी येतो, मुलगी सारा त्याला घड्याळ देते, थोड्या वेळात ती अंधाऱ्या घरात जागी होते आणि संकट दारात येऊन उभं राहतं. मालिकेत त्याआधी साराचा अख्खा दिवस आहे: नाश्ता, शाळा, घड्याळ दुरुस्त करून घ्यायला दुकानात जाणं, शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याकडे बसणं. मामेभावाच्या मते ही भर म्हणजे पाणी घालणं.

पण गेमच्या त्या अंधाऱ्या घरात काय होतं ते आठवा. तिथे साराला चालवता तुम्ही. दार तुम्ही उघडता, फोन तुम्ही बघता, बाबांना हाक मारत जिन्यावरून तुम्ही उतरता. दहा मिनिटांत ती मुलगी आपली होते, कारण तिची पावलं आपल्या अंगठ्याखाली असतात. मालिकेला हा अंगठा मिळत नाही. बघणाऱ्याचे हात रिकामे असतात. त्याला ती मुलगी आपली वाटावी यासाठी दिग्दर्शकाला वेळ खर्च करावा लागतो, आणि तो वेळ म्हणजे तो दिवस. बाबांना सारा कळली ती त्या दिवसामुळे. मामेभावाला ती आधीच माहीत होती, म्हणून त्याला तो दिवस लांबण वाटला.

गेम आणि मालिका यांतला जवळजवळ प्रत्येक मोठा फरक मला या एका गोष्टीपाशी येऊन उलगडतो: हात काढून घेतले की गोष्टीला काय काय नव्याने कमवावं लागतं. म्हणून 'हे का बदललं?' असा राग आला, की स्वतःला एक प्रश्न विचारून बघा: गेममध्ये या जागी माझे हात काय करत होते?

तिसऱ्या भागाचं उदाहरण देतो. (ज्यांनी तो भाग बघितला नाही त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा.) गेममध्ये बिल हा एकटा, चिडका माणूस. त्याच्या गावात आपण गाडीसाठी बॅटरी शोधत फिरतो, त्याने लावलेल्या सापळ्यांतून वाट काढतो, बाधित माणसांच्या झुंडींशी लढतो. त्याचा जोडीदार फ्रँक आपल्याला फक्त मेलेला सापडतो, सोबत एक कडवट चिठ्ठी. मालिकेत हीच दोन माणसं सोळा वर्षं एकमेकांसोबत काढतात आणि जोएल-एली कथेच्या कडेला जातात. गेमप्रेमींपैकी काहींना हा भाग म्हणजे बगल दिल्यासारखा वाटला. पण गेममध्ये त्या गावात आपले हात लढाईत गुंतलेले असतात, बिलचं दुःख आपल्याला येता जाता दिसतं. मालिकेत तासभर ती लढाई दाखवली असती तर आपण फक्त दुसऱ्याला खेळताना बघत बसलो असतो. तिथे मोकळी झालेली जागा त्यांनी त्या दोघांना दिली. बिलची भूमिका करणाऱ्या निक ऑफरमनला या एका भागासाठी एमी हा अमेरिकन टीव्ही पुरस्कार मिळाला. माझ्या मते अख्ख्या सीझनमधला हा सर्वांत धाडसी निर्णय होता आणि तो बरोबर होता.

काही बदलांची कारणं अगदी व्यवहारी असतात. गेममध्ये बुरशीचे कण हवेत तरंगतात आणि पात्रं मास्क चढवतात. मालिकेच्या पहिल्या सीझनमध्ये त्याऐवजी तंतू आहेत, जमिनीखालून एकमेकांना जोडलेले. नटांचे चेहरे तासन् तास मास्कखाली झाकायचे कसे, आणि कण हवेतच असतील तर ते सगळीकडे का पसरले नाहीत, हे प्रश्न गेम खेळताना पडत नाहीत, बघताना पडतात. दुसऱ्या सीझनमध्ये ते कण परत आले, हेही नोंदवून ठेवा. साथीचं सालही गेममध्ये २०१३ आहे आणि मालिकेत २००३. त्यामुळे वीस वर्षांनंतरची गोष्ट मालिका आली त्याच साली, म्हणजे २०२३ मध्ये घडते.

शेवटच्या भागातल्या रुग्णालयाचा प्रसंगही याच नजरेने बघा. तिथे काय होतं ते सांगत नाही. गेममध्ये त्या मार्गिकांतून जोएलला पुढे तुम्ही नेता, आणि त्याने जे केलं त्यात तुमचा हात असतो, अक्षरशः. मालिकेत आवाज मागे हटतात, संगीत वर येतं, आपण लांबून बघतो. खेळताना मनात अपराधीपण उरतं, बघताना भीती. दोन्ही अनुभव मला हवेत.

'हेलो'च्या बाबतीत मात्र मी चाहत्यांच्या बाजूने आहे. २०२२ च्या त्या मालिकेत मास्टर चीफ या नायक सैनिकाने पहिल्याच भागात हेल्मेट काढलं आणि मोठा गदारोळ झाला. वरवर बघता क्षुल्लक वाटेल, पण २००१ पासून त्या हेल्मेटच्या आत खेळणारा होता. चेहरा दिसला की ती जागा कुणीतरी घेतली. निर्मात्यांनी ही कथा गेमपासून वेगळ्या कालरेषेत ठेवल्याचं आधीच सांगितलं होतं, तेव्हा 'गेमशी जुळत नाही' ही तक्रार टिकत नाही. पण हातांच्या बदल्यात काय द्यायचं हे त्या मालिकेला सापडलं नाही, असं मला वाटतं. दोन सीझननंतर २०२४ मध्ये ती बंद झाली.

फळ्यावरचं एक साल

'फॉलआउट' वेगळ्या जातीची आहे. प्राइम व्हिडिओवर एप्रिल २०२४ मध्ये आलेली ही मालिका कुठल्याही एका गेमची गोष्ट सांगत नाही. तिची गोष्ट नवी, पात्रं नवी, पण जग तेच. अणुयुद्ध २३ ऑक्टोबर २०७७ ला झालं; मालिका २२९६ मध्ये घडते, म्हणजे 'फॉलआउट ४'च्या नऊ वर्षांनंतर. आणि मालिकेत घडलेलं सगळं गेमच्या अधिकृत इतिहासात धरलं जातं.

इथे चूक दोन्ही बाजूंनी होते. नवे प्रेक्षक 'आधी सगळे गेम खेळावे लागतील' म्हणून सुरूच करत नाहीत. खरं तर नायिका ल्यूसी भूमिगत घरातून पहिल्यांदा बाहेर येते तेव्हा तिला बाहेरचं काहीच माहीत नसतं आणि तुम्हालाही नसतं. बरेचसे गेमही असेच सुरू होतात. काहीही न खेळता बसा, अडणार नाही.

जुने चाहते मात्र भूतकाळाचा हिशेब डोळ्यांत तेल घालून तपासतात. पहिल्या सीझनमध्ये एका वर्गातल्या फळ्यावर शेडी सँड्स या शहराच्या पतनाचं साल २२७७ लिहिलेलं दिसतं आणि पुढे एक बाण स्फोटाच्या चित्राकडे जातो. २२८१ मध्ये घडणाऱ्या 'न्यू व्हेगस' या गेममध्ये तर ते शहर उभं आहे असं धरलेलं. झालं, 'मालिकेने न्यू व्हेगस पुसून टाकला' अशी ओरड सुरू झाली. नंतर गेम बनवणाऱ्या बेथेस्डाच्या स्टुडिओचे टॉड हॉवर्ड यांनी स्पष्ट केलं, की बॉम्ब 'न्यू व्हेगस'च्या घटनांनंतर लगेच पडला. फळा पुन्हा नीट बघा: साल लिहिलंय ते पतनाच्या सुरुवातीचं, स्फोटाच्या चित्राखाली साल नाहीच. एक चौकट थांबवून फोटो काढणाऱ्यांनी बाण बघितला नाही.

तरी त्या रागामागचं प्रेम मला कळतं. १९९७ च्या पहिल्या गेममध्ये शेडी सँड्स हे मातीच्या भिंतींचं छोटं गाव होतं, उजाड वाळवंटात आपल्याला माणुसकीने वागवणाऱ्या पहिल्या गावांपैकी एक. पुढच्या गेममध्ये त्याचं राजधानीचं शहर झालेलं दिसलं तेव्हा आपण पेरलेलं उगवल्यासारखं वाटलं होतं. अशा गावाच्या जागी खड्डा दिसला तर काळजात चर्र होणारच. फक्त तो खड्डा चुकून खणलेला नाही, तो गोष्टीचा भाग आहे. शेवटपर्यंत बघितल्याशिवाय निकाल देऊ नका.

मालिका संपली, आता गेम हवाय

हा उत्साह फार छान असतो, आणि इथेच लोक पैसे घालवतात.

'फॉलआउट' नंतर गेम घ्यायचा असेल तर नवख्याने 'फॉलआउट ४' (२०१५) घ्यावा; हाताला तो सर्वांत सोपा. गोष्ट आणि संवाद यांसाठी 'न्यू व्हेगस' (२०१०) माझा जीव की प्राण आहे आणि मालिकेचा दुसरा सीझन त्याच परिसरात जातो. पण तो जुना ३२-बिट गेम आहे. आजच्या कॉम्प्युटरवर तो मध्येच बंद पडतो, कारण मुळात त्याला थोडीच मेमरी वापरता येते. चाहत्यांनी केलेला चार जीबीचा पॅच, म्हणजे दुरुस्तीची फाइल, आधी टाका, आणि एकाच जागी सेव्ह करत राहू नका. वेगवेगळ्या फायली ठेवा. एक फाइल बिघडली तर पन्नास तास वाया जात नाहीत. 'फॉलआउट ७६' (२०१८) ऑनलाइन आहे. एकट्याने गोष्ट अनुभवायची असेल तर त्याच्यापासून सुरुवात नको.

मॉड, म्हणजे चाहत्यांनी गेममध्ये घातलेली भर, टाकणाऱ्यांसाठी एक आठवण. मालिका गाजत असताना २५ एप्रिल २०२४ ला 'फॉलआउट ४'चं मोठं अपडेट आलं आणि त्याने असंख्य मॉड एका रात्रीत बंद पाडले, कारण बहुतेक मोठे मॉड ज्या स्क्रिप्ट एक्स्टेंडर नावाच्या जोडप्रोग्रॅमवर उभे असतात तो गेमच्या नेमक्या आवृत्तीला बांधलेला असतो. लंडन उभं करणारा चाहत्यांचा भव्य मॉड त्यामुळे एप्रिलऐवजी जुलैमध्ये आला. गेम सुरूच होत नसेल तर आधी मॉडची तारीख आणि गेमची आवृत्ती जुळवून बघा. विंडोज पुन्हा टाकायची घाई करू नका. पहिली फेरी तर मॉडशिवायच खेळा.

'द लास्ट ऑफ अस' चा कॉम्प्युटरवरचा गेम मार्च २०२३ मध्ये, मालिकेच्या लाटेवर आला आणि सुरुवातीला फार अडखळत चालत होता. नंतर बरेच पॅच आले. पहिल्यांदा चालू केल्यावर तो शेडर (चित्रं रंगवायला लागणारे छोटे प्रोग्रॅम) तयार करत बसतो. तेवढा वेळ त्याला द्या, तसाच खेळायला लागलात तर धक्के बसतील. 'सायबरपंक २०७७' चंही तसंच. डिसेंबर २०२० मध्ये तो इतका कच्चा होता, की सोनीने आठवडाभरात आपल्या दुकानातून काढून घेतला आणि पुढच्या जूनमध्येच परत ठेवला. त्या वेळची मतं वाचून आज त्याला नाकारू नका. २०२३ च्या २.० अपडेटनंतर तो वेगळाच गेम आहे. आणि 'एजरनर्स' बघून रडला असाल तर गेममधल्या आफ्टरलाइफ बारमध्ये जाऊन पेयांची यादी नक्की बघा. का ते तिथेच कळेल.

'आर्केन' ही ॲनिमेशन मालिका बघून ती ज्या गेमवर बेतली तो 'लीग ऑफ लेजेंड्स' डाउनलोड करणाऱ्यांची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. माझ्या चुलत बहिणीने नेमकं हेच केलं. व्हाय आणि जिंक्स या बहिणींची पुढची गोष्ट तिथे सापडेल असं तिला वाटलं. 'लीग' हा पाच विरुद्ध पाच असा सामना आहे. दीडशेहून जास्त पात्रांतून एक निवडायचं आणि समोरच्यांचा तळ पाडायचा. तिथे गोष्ट नाही, आणि नवख्याला चॅटमध्ये काय ऐकावं लागतं ते सांगायलाच नको. दोन संध्याकाळीत तिने तो काढून टाकला आणि वर 'गेम म्हणजे हेच' असं तिचं मत झालं, याचं मला खरंच वाईट वाटलं. गोष्ट हवी असेल तर 'कन्व्हर्जन्स' (२०२३) घ्या. झॉन शहरातल्या एकोची ती स्वतंत्र कथा आहे, एकट्याने खेळायची.

'कार्टून आहे, बघू दे मुलांना'

ही चूक घराघरांत होते आणि ती सगळ्यांत लवकर टाळायला हवी. आपल्या पिढीने ॲनिमेशन म्हणजे पोकेमॉन अशीच सांगड घातली आहे. तेही गेमवरूनच आलं होतं: जपानमध्ये गेम १९९६ चा, मालिका १९९७ ची. पण ड्रॅक्युलाच्या गेमवरून आलेल्या 'कॅसलव्हेनिया'च्या पहिल्याच भागात बाईला जिवंत जाळतात आणि नंतर रस्त्यांवर आतडी पडतात. 'एजरनर्स'मधली हिंसा आणि नग्नता मोठ्यांनाही जड जाते. 'आर्केन' रंगांनी मोहवतं, पण त्यात लहान मुलांच्या वाट्याला जे येतं ते सात वर्षांच्या पोराला झेपणार नाही.

२०२१ च्या नियमांनुसार आपल्याकडे ओटीटीवर यू, यू/ए ७+, १३+, १६+ आणि ए अशी वर्गवारी दाखवावी लागते. सुरुवातीला कोपऱ्यात येणारं ते अक्षर वाचा. मुलांचं वेगळं प्रोफाइल करा आणि स्वतःच्या प्रोफाइलला पिन लावा. पाच मिनिटांचं काम आहे.

उलट बाजूने, मोठे लोकही 'कार्टून' म्हणून या मालिकांकडे पाठ फिरवतात. 'आर्केन'चं काम पॅरिसच्या फॉर्टिश स्टुडिओने केलं आहे आणि २०२२ मध्ये तिला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशन कार्यक्रमाचं एमी मिळालं. चेहऱ्यावर ब्रशचे फटकारे दिसतात, एखादी चौकट थांबवून भिंतीवर लावावी अशी असते. 'कॅसलव्हेनिया'चा पहिला सीझन (२०१७) अवघा चार भागांचा आहे, म्हणून 'काही घडतच नाही' म्हणून लोक तिथेच थांबतात. ते चार भाग म्हणजे नांदी. खरी गोष्ट दुसऱ्या सीझनच्या आठ भागांत उभी राहते. निदान तिथपर्यंत जा.

दोष मालिकेचा नाही, टीव्हीचा

'फार अंधार आहे, काही दिसत नाही.' 'सगळं डेली सोपसारखं गुळगुळीत दिसतंय.' 'बोलणं ऐकू येत नाही आणि स्फोट झाला की शेजारी जागे होतात.' या तिन्ही तक्रारींचा उपाय रिमोटवर आहे.

गुळगुळीतपणा येतो तो टीव्ही स्वतः मधल्या चौकटी बनवून घालतो म्हणून. एलजीवर त्याला ट्रूमोशन म्हणतात, सोनीवर मोशनफ्लो. इतरांची नावं वेगळी. चित्राच्या सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करा, किंवा सरळ सिनेमा अथवा फिल्ममेकर मोड लावा. ॲनिमेसाठी तर हे करायलाच हवं. 'एजरनर्स'मधल्या हालचाली मुद्दाम कमी चित्रांत केल्या आहेत, त्यांतला झटका हीच त्यांची लय आहे, आणि टीव्ही ती पुसून टाकतो.

अंधारासाठी ब्राइटनेस वाढवत बसू नका, काळं राखाडी होतं आणि दिसत तरीही नाही. ऊर्जा बचत आणि खोलीच्या उजेडाप्रमाणे बदलणारा पर्याय बंद करा आणि खोलीतला ट्यूबलाइट मालवा. नेटफ्लिक्सचा मोबाइल प्लॅन ४८० पी पर्यंतच चित्र देतो, त्यात 'आर्केन'चे ब्रशचे फटकारे दिसणारच नाहीत. आवाजासाठी ऑडिओच्या यादीत ५.१ (अनेक स्पीकरसाठीचा आवाज) ऐवजी स्टिरिओ निवडा. टीव्हीच्या दोन स्पीकरवर संवाद एकदम पुढे येतात.

आणि नंतर त्याच टीव्हीवर गेम खेळणार असाल तर गेम मोड लावायला विसरू नका. सिनेमासाठी लावलेल्या मोडमध्ये बटण दाबल्यावर उडी उशिरा लागते आणि लोक कंट्रोलरला दोष देतात.

मालिका सापडतच नसेल तर ती जागा बदलून गेली असण्याची शक्यता धरा. 'द लास्ट ऑफ अस' सुरू झाली हॉटस्टारवर. ३१ मार्च २०२३ ला एचबीओचं सगळं तिथून गेलं आणि मग जिओसिनेमावर आलं. २०२५ मध्ये दोन्ही मिळून जिओहॉटस्टार झालं. दुसरा सीझन सात भागांचाच आहे आणि तो गोष्टीच्या मध्यावर थांबतो. तुमच्या ॲपमधून भाग गहाळ झालेले नाहीत; दुसऱ्या गेमची गोष्ट एका सीझनमध्ये मावणारी नव्हतीच.

नाव शोधलं आणि सगळं कळलं

गेमवरच्या मालिकेचा शेवट जगाला कधीच ठाऊक झालेला असतो. 'हा नट कोण' म्हणून पात्राचं नाव टाइप केलं की शोधपेटी स्वतःहून पुढचा शब्द सुचवते आणि तो शब्द बहुतेकदा त्या पात्राचं मरण असतं. 'द लास्ट ऑफ अस'च्या दुसऱ्या सीझनपूर्वी माझ्या एका मैत्रिणीचा असाच घात झाला. शोधायचंच असेल तर नटाचं नाव आणि सीझनचा आकडा टाका, पात्राचं नाव नको. युट्यूबवर एक ट्रेलर बघितला की पुढचे दहा व्हिडिओ 'शेवट समजून घ्या' छापाचे येतात, तेव्हा मालिका संपेपर्यंत त्या विषयाचा इतिहास बंद ठेवा. फॅन विकी तर उघडूच नका. तिथे पात्राच्या नावाखालची पहिलीच ओळ बहुधा त्याचं पुढे काय झालं ते सांगते. आणि गेम खेळलेल्यांना हात जोडून विनंती: शेजारी बसून 'आता बघ हं' म्हणू नका.

घरच्यांना वगळणं

'आई-बाबांना काय कळणार' म्हणून आपण हेडफोन लावून एकटे बघतो. माझ्या अनुभवात त्यांना पुष्कळ कळतं, फक्त वेगळ्या बाजूने. चौथ्या भागात जोएल एलीला समजावतो, की जुनं पेट्रोल खराब होतं, पाण्यासारखं होतं, तासाभराने दुसरं शोधावं लागतं. माझं तिकडे लक्षही नव्हतं. बाबा मात्र सावरून बसले आणि त्यांनी मला मालिका थांबवायला लावून पेट्रोल कसं खराब होतं, टाकीत काय साचतं, हे सगळं समजावलं. त्या दृश्यापासून त्यांचा जोएलवर विश्वास बसला. सबटायटल्स जरा मोठी करा, हिंदी डब असेल तर तो लावून बघा आणि दर दोन भागांनंतर चहाला थांबा. एवढं पुरतं.

सीझन संपल्यावर मी बाबांच्या हातात कंट्रोलर दिला, गेममधल्या जिराफांच्या प्रसंगापाशी. मालिकेतही तो प्रसंग आहे आणि त्यातला जिराफ खरा आहे. पण तिथे तो ठरलेल्या वेळात संपतो. गेममध्ये जोएल आणि एली उंचावर कठड्याला टेकून उभे राहतात, खाली हिरवळीतून जिराफांचा कळप चालत असतो, आणि तुम्ही निघत नाही तोवर गेम थांबून राहतो. कुणी घाई करत नाही.

मी बाबांना सांगितलं, "आता इथून पुढे जायचंय, ही काडी ढकला."

"थांब जरा," ते म्हणाले.

कंट्रोलर त्यांनी दोन्ही हातांत धरला होता, अंगठे काड्यांवरून उचललेले. आतून मामेभाऊ बाहेर आला आणि काही न बोलता त्यांच्या शेजारी बसला.